नाण्याची प्रत आणि पारख्याची नजर

सॅन फ्रान्सिस्को येथील अमेरिकन सरकारच्या टांकसाळींत १८८४ सालीं चांदीचे ३२ लक्ष डॉलर पाडण्यांत आले. लोकांच्या हातांतून फिरून झिजलेले असे त्यांपैकीं बरेच डॉलर आजहि मिळतात, आणि त्यांची किंमत बेताच्या मिळकतीच्या संग्राहकालाहि झेपण्यासारखी असते. उलट त्याच सालचा, त्याच टांकसाळीचा, परंतु व्यवहारांत कधींच न आलेला व जवळजवळ निष्कलंक राहिलेला डॉलर लिलावांत निघाला, तर त्याच्यासाठीं लाखों डॉलर मोजणारा धनी पुढें येतो. धातु तोच, चित्र तेंच, साल तेंच; फरक असतो तो केवळ स्थितीचा. त्याहूनहि नवलाची गोष्ट अशी कीं, मुळींच न झिजलेल्या अशा दोन नाण्यांत सुद्धां एखादा बारीक ओरखडा अधिक कीं उणा एवढ्यावरून किमतींत जमीन-अस्मानाचें अंतर पडूं शकतें. हा ओरखडा किती मोठा मानावयाचा आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर म्हणून अमेरिकेंत एक स्वतंत्र धंदाच उदयास आला. तो म्हणजे नाण्यांच्या प्रतवारीचा धंदा. गेल्या चाळीस वर्षांत या धंद्यानें संग्राहक आणि व्यापारी या दोघांचीहि वागणूक पालटून टाकली आहे.

पारख ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. पेशवाईंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारांत चालत. सराफ रुपया वाजवून, तोलून पाहत आणि हलक्या अगर झिजलेल्या रुपयावर बट्टा घेत. पण सराफाची पारख धातूची होती. चांदी किती आणि वजन किती, हें शेवटीं तराजू व कसोटी यांच्या साह्यानें ठरे. दोघां सराफांत मतभेद झाला, तर त्याचा निवाडा तराजू करी. संग्राहकाची पारख याहून वेगळी आहे. तो धातु विकत घेत नाहीं, रूप विकत घेतो. आणि रूप तोलणारा तराजू अद्याप कोणीं बनविलेला नाहीं. प्रतवारीच्या धंद्यांतील सारें यश आणि सारे घोटाळे या एका गोष्टींतून उत्पन्न झाले आहेत.

नाण्याचें रूप कशानें बनतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट झीज. नाणें हातोहात फिरूं लागलें कीं त्यावरील उंच भाग, म्हणजे मुखवट्याचा गाल, कानावरचे केस, गरुडाची छाती, हे आधीं घासले जातात. ही झीज ओळखणें फारसें कठीण नसतें. दुसरी गोष्ट ठशाची. ठसा नवा होता कीं वापरून बोथट झालेला, आणि तो पुरत्या दाबानें बसला कीं नाहीं, यावर चित्राचा रेखीवपणा अवलंबून असतो. ठसा अर्धवट उमटलेलें नाणें न झिजतांहि झिजल्यासारखें दिसतें. तिसरी गोष्ट झळाळीची. ठशाच्या दाबाखालीं धातु कडेकडे सरकतांना त्याच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात. नाणें दिव्याखालीं तिरपें धरून फिरविलें असतां त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा फिरतांना दिसतो. नाणें एकदां घासूनपुसून लख्ख केलें कीं या रेषा नाहींशा होतात, आणि त्या पुन्हां आणतां येत नाहींत. म्हणूनच अजाण माणसानें मोठ्या प्रेमानें चकचकीत केलेलें नाणें जाणत्याच्या लेखीं कायमचें बिघडलेलें असतें. चौथी गोष्ट रंगाची. जुन्या चांदीवर हवेंतील गंधकामुळें जें निळसर-तांबूस पुट चढतें, तें कोणाला सुंदर वाटतें, तर कोणाला तो डाग वाटतो.

पांचवी गोष्ट खरचटण्याची, आणि मतभेदाला सर्वांत अधिक जागा तिच्यांतच आहे. वर सांगितलेले चांदीचे डॉलर त्यांवरील चित्र कोरणाऱ्या जॉर्ज मॉर्गन याच्या नांवानें ओळखले जातात. ते १८७८ पासून १९०४ पर्यंत आणि नंतर १९२१ सालीं कोट्यवधि पाडले गेले. लोकांना इतक्या जड नाण्यांची गरज नव्हती. म्हणून हजार हजार डॉलरांच्या कापडी पिशव्या भरून त्या सरकारी तळघरांत ठेवून देण्यांत आल्या. अशा एका पिशवीचें वजन सुमारें २७ किलो भरतें. पिशवी उचलावी, टाकावी, एकीवर एक रचावी, आणि प्रत्येक वेळीं आंतील डॉलरांच्या कडा एकमेकांच्या अंगावर आपटाव्या, असा प्रकार वर्षानुवर्षें चालला. १९१८ च्या एका कायद्यान्वयें २७ कोटींहून अधिक डॉलर वितळविण्यांत आले. उरलेल्यांपैकीं पुष्कळसे १९६२ ते १९६४ या काळांत खजिन्यांतून बाहेर पडले. तेव्हां एक चमत्कारिक वस्तुस्थिति दिसून आली. लाखों डॉलर असे होते कीं जे कोणाच्याहि खिशांत गेले नव्हते. आणि तरीहि त्यांतील कोणतेहि दोन सारखे नव्हते. कोणाच्या गालावर एक खोल खांच, तर कोणाच्या अंगभर बारीक ओरखडे. सर्वच 'न वापरलेले', पण त्यांतील उत्तम कोणता?

पूर्वींच्या काळीं ही सारी विविधता चार-दोन शब्दांत सांगितली जाई. 'बरें', 'उत्तम', 'अत्युत्तम', 'न वापरलेलें' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द व्यापाऱ्याच्या सूचिपत्रांत छापलेले असत, आणि टपालानें नाणीं मागविणाऱ्या संग्राहकाला त्या शब्दांवर विश्वासून पैसे धाडावे लागत. शब्द तोच; पण विकतांना त्याचा अर्थ एक आणि विकत घेतांना दुसरा. जें नाणें दुकानदारानें 'न वापरलेलें' म्हणून दिलें, तेंच पुढें संग्राहक परत विकावयास आला कीं 'किंचित् वापरलेलें' ठरे. यांत दर वेळीं लबाडीच असे असें नव्हे. स्वतःच्या वस्तूकडे पाहतांना डोळे उदार होतात आणि दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहतांना कठोर होतात, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु तोटा मात्र कमी जाणत्याच्याच वांट्याला येई.

शब्दांच्या जागीं अंक आणण्याचें श्रेय विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जातें. माणसांच्या शरीराच्या ठेवणीचें वर्गीकरण करणारा हा पंडित तांब्याच्या जुन्या सेंटांचा नामांकित संग्राहक होता. १९४९ सालीं त्यानें १७९३ ते १८१४ या काळांतील सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत १ पासून ७० पर्यंतची श्रेणी मांडली. ज्या नाण्याची ओळखहि जेमतेम पटते त्याला १, आणि ज्यांत कसलेंहि न्यून नाहीं त्याला ७०. हे अंक त्यानें बाजाराच्या भावांवरून बसविले होते. एखाद्या प्रकारचें अगदीं हीन नाणें एका डॉलरला मिळत असेल, तर त्याच प्रकारचें निर्दोष नाणें ७० डॉलरला जावें, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे मूळ किमतीला अंकानें गुणलें कीं भाव निघावा. हा हिशेब लौकरच फसला. उत्तम नाण्यांचे भाव गुणाकाराला न जुमानतां भराभर वर चढले. सूत्र मेलें, पण अंक जगले. आज ६० ते ७० हे अकरा अंक मुळींच न झिजलेल्या नाण्यांसाठीं राखलेले आहेत, आणि बाजारांतील बहुतेक झुंजी याच अकरा पायऱ्यांवर होतात.

अंक मिळाले, तरी ते द्यावयाचे कोणीं, हा प्रश्न शिल्लक राहिला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन ही १८९१ सालीं स्थापन झालेली संग्राहकांची संस्था. बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाल्यामुळें तिनें १९७२ सालीं नाणें खरें कीं खोटें हें तपासून देण्याची सोय केली. १९७७ सालीं तिनें प्रतवारीचे नियम पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले, आणि १९७९ पासून नाण्याच्या छायाचित्रासह त्याच्या प्रतीचा दाखला देण्यास आरंभ केला. विकणारा नव्हे आणि घेणाराहि नव्हे, असा तिसराच कोणी प्रत ठरवूं लागला, ही गोष्ट महत्त्वाची होती. परंतु दाखला वेगळा आणि नाणें वेगळें, ही त्यांतील उणीव होती. दाखल्याबरोबर दुसरेंच नाणें गळ्यांत बांधणें अशक्य नव्हतें. शिवाय दाखला मिळाल्यानंतर नाणें हाताळलें जाऊन बिघडलें, तरी कागदावरील अंक तसाच राही.

ही उणीव भरून काढणारी युक्ति १९८६ सालीं निघाली. डेव्हिड हॉल आणि त्यांचे सहकारी व्यापारी यांनीं प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस या नांवाची कंपनी सुरू केली. पुढच्याच वर्षीं, १९८७ सालीं, जॉन अल्बनीज यांनीं न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन ही दुसरी कंपनी काढली. नाणें या कंपनीकडे धाडलें म्हणजे तें कोणाचें आहे हें परीक्षकांना कळूं दिलें जात नाहीं. एकाहून अधिक परीक्षक तें स्वतंत्रपणें पाहतात व आपापला अंक नोंदवितात. मग वरिष्ठ परीक्षक अखेरचा अंक ठरवितो. त्यानंतर नाणें कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबींत कायमचें बंद केलें जातें. डबींत नाण्याबरोबर त्याचें नांव, साल, अंक आणि नोंदणी-क्रमांक यांची चिठ्ठी असते. डबी फोडल्याशिवाय नाणें बाहेर निघत नाहीं, आणि फोडलेली डबी लपत नाहीं. या डबीला बाजारांत 'स्लॅब' म्हणतात. अंक चुकीनें जास्त दिला गेला असें सिद्ध झाल्यास कंपनी नुकसान भरून देण्याची हमी घेते. घासलेल्या, रसायनांनीं धुतलेल्या अगर डागडुजी केलेल्या नाण्याला निर्भेळ अंक न देतां त्याचा दोष चिठ्ठीवर लिहिला जातो.

या व्यवस्थेनें झालेला लाभ थोडा नव्हता. दूर गांवीं राहणाऱ्या ज्या संग्राहकाला व्यापाऱ्याच्या शब्दाखेरीज आधार नव्हता, त्याच्या हातीं तिऱ्हाइताचा निर्णय आला. बनावट नाण्यांचा धोका पुष्कळ कमी झाला. संग्राहक मरण पावला आणि त्याच्या पत्नीला अगर मुलांना नाण्यांतलें कांहींच कळत नसलें, तर पहिल्या भेटणाऱ्या दुकानदारानें सांगितलेल्या भावाला होकार देण्यावांचून पूर्वीं त्यांना गति नसे. आतां डबीवरील अंक आणि छापील भावपत्रक ताडून पाहिलें तरी निदान फसवणुकीची जाड बाजू त्यांच्या लक्षांत येते. व्यापाऱ्यांचाहि फायदा झाला. दोन निरनिराळ्या शहरांतील व्यापारी नाणें न पाहतां केवळ अंक सांगून तारायंत्रावर सौदा करूं लागले. मात्र ज्याचें सारें भांडवल त्याच्या डोळ्यांत होतें, त्या जुन्या पारखी व्यापाऱ्याची मिरासदारी यामुळें सैल झाली. जें ज्ञान मिळवावयास त्याचीं वीस वर्षें गेलीं होतीं, तें आतां चिठ्ठीवर छापून मिळूं लागलें.

पण न पाहतां होणाऱ्या सौद्याचा एक तोटा लौकरच दिसून आला. एकाच अंकाचीं सर्व नाणीं सारखीं नसतात. कांहीं त्या पायरीच्या वरच्या काठावर असतात, तर कांहीं कशीबशी चढून आलेलीं असतात. 'या अंकाचें कोणतेंहि नाणें अमुक भावानें घेऊं' असें कोणी जाहीर केलें, तर विकणारा आपल्याजवळचें त्या अंकांतील सर्वांत वाईट नाणें त्याच्या गळ्यांत घालणार, हें उघड आहे. म्हणून न पाहतां मिळणारा भाव हा त्या पायरीवरील निकृष्ट नाण्याचा भाव होऊन बसला, आणि सरस नाण्याला खरी किंमत हवी असेल तर तें पुन्हां डोळ्यांनींच पाहावें लागूं लागलें.

तरीहि अंकाची मोहिनी मोठी होती. ज्यांनीं जन्मांत नाणें भिंगाखालीं धरलें नव्हतें, असे गुंतवणूकदार शेअरांप्रमाणें नाणीं घेऊं लागले; न्यूयॉर्कच्या धनिक पेढ्यांनीहि नाण्यांचे निधि काढले. १९८९ सालीं भाव शिगेला पोहोंचले, आणि त्यानंतर ते असे घसरले कीं पुष्कळांचें भांडवल बुडालें. नाणीं होतीं तशींच होतीं. त्यांवर एकहि नवा ओरखडा पडला नव्हता. डबी प्रतीची हमी देते, भावाची देत नाहीं, हा धडा पुष्कळांना तेव्हां मिळाला. १९९० सालीं फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी मंडळानें प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिसच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. प्रतवारी ही सर्वस्वीं वस्तुनिष्ठ व एकसारखी असते, असा समज त्या जाहिराती करून देतात, हें मंडळाचें म्हणणें होतें. प्रकरण तडजोडीनें मिटलें. पण प्रतवारी हें माप नसून मत आहे, ही गोष्ट त्यामुळें चारचौघांत मांडली गेली.

मत असल्यामुळेंच तें पालटूं शकतें, आणि पालटण्यांत नफा असला म्हणजे तें पालटून घेणारेहि निघतात. समजा, एखादें नाणें ६४ अंकाचें असतांना २०० डॉलरला जातें आणि ६५ चें असतांना १,००० डॉलरला. तपासणीचा खर्च दर वेळीं ४० डॉलर आहे. नाणें या दोन पायऱ्यांच्या सीमेवर असेल, तर व्यापारी डबी फोडतो व तें पुन्हां तपासणीस धाडतो. पुन्हां ६४ आले, तर पुन्हां फोडतो. चार वेळां अपयश येऊन पांचव्या वेळीं ६५ मिळाले, तरी २०० डॉलर खर्चून ८०० डॉलर वाढले. नाणें मात्र जेथल्या तेथें. या खेळाचे परिणाम दोन प्रकारचे झाले. अमुक अंकाचीं नाणीं किती तपासलीं गेलीं याच्या ज्या याद्या कंपन्या प्रसिद्ध करतात, त्यांत एकच नाणें तीन-चार वेळां मोजलें जाऊं लागलें. त्यामुळें दुर्मिळ नाणें आहे त्याहून विपुल भासूं लागलें. दुसरें असें कीं, सीमेवरचीं नाणीं फिरून फिरून वरच्या पायरीवर जाऊन बसलीं, खालीं कोणीच उतरेना. आणि काळाच्या ओघांत प्रत्येक पायरीची सरासरी गुणवत्ता उतरत गेली. पूर्वीं कठोरपणें अंक दिले जात अशा समजुतीनें कित्येक संग्राहक आज मुद्दाम जुन्या डब्या शोधीत हिंडतात.

संग्राहकाच्या मनावर झालेला परिणाम याहूनहि खोल आहे. २००१ सालापासून या कंपन्यांनीं संग्रहांच्या नोंदवह्या उघडल्या. ज्याच्या संचांतील अंकांची बेरीज मोठी, त्याचें नांव वर. या चढाओढीमुळें पुष्कळांच्या हौसेला धार आली, हें खरें. पण नाण्यावरील राजाचा, देशाचा, काळाचा विचार मागें पडून चिठ्ठीवरील अंकाचाच ध्यास लागला, हेंहि तितकेंच खरें. टांकसाळींतून कालपरवां बाहेर पडलेल्या, लाखांनीं उपलब्ध असलेल्या नाण्याला ६९ ऐवजीं ७० अंक मिळाला म्हणून कित्येक पट किंमत दिली जाते. आणि हें सत्तरावें गुणलक्षण भिंगाशिवाय खुद्द मालकालाहि दाखवितां येत नाहीं.

परीक्षकांवर विसंबतां विसंबतां बाजाराला परीक्षकांचे परीक्षक लागले. २००७ सालीं जॉन अल्बनीज यांनींच आणखी एक कंपनी काढली. डबींत बंद असलेलें नाणें तपासून तें दिलेल्या अंकाला खरोखर शोभतें असें वाटल्यास त्या डबीवर हिरवी चिकटपट्टी लावावयाची, आणि अंकाहून सरस वाटल्यास सोनेरी, हें तिचें काम. अशी चिकटपट्टी असलेल्या नाण्याला त्याच अंकाच्या इतर नाण्यांहून जास्त भाव येतो. २००८ च्या सुमारास बनावट नाणीं घातलेल्या बनावट डब्याहि बाजारांत आल्या. ज्या डबीनें खोट्या नाण्यांपासून रक्षण करावयाचें, तीच खोटी निघूं लागली, आणि डबीचा क्रमांक कंपनीच्या नोंदींशीं व छायाचित्रांशीं ताडून पाहण्याचें नवें काम घेणाऱ्याच्या मागें लागलें.

दोन प्रतींमधील अंतर माणसाला कोठवर नेऊं शकतें, याचें उदाहरण खुद्द या श्रेणीच्या जनकानेंच घालून दिलें आहे. शेल्डन १९७७ सालीं मरण पावला. त्यानंतर असें उघडकीस आलें कीं, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागीं त्यानें त्याच प्रकारचे, पण हलक्या प्रतीचे आपले सेंट ठेवून दिले होते. जुन्या छायाचित्रांशीं नाणीं ताडून पाहिलीं, तेव्हां ही अदलाबदल ध्यानांत आली, आणि पुढें हें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. ट्रे रिकामा दिसत नव्हता, सूचीप्रमाणें एकहि नाणें कमी नव्हतें. चोरीला गेली होती ती केवळ प्रत.

हिंदुस्थानांतील संग्राहकांचा या धंद्याशीं संबंध येतो तो एका मर्यादेंतच. ब्रिटिश अमदानींतील रुपये व मोहरा परदेशांतील संग्रहांतून या कंपन्यांकडे पुष्कळ जातात. मुंबईच्या टांकसाळींत जुन्याच ठशांवरून मागाहून पाडलेलीं नाणीं कोणतीं आणि मूळचीं कोणतीं, हा भेद डबीवरील चिठ्ठीवर नोंदलेला असतो, आणि तो घेणाऱ्याला फार उपयोगी पडतो. परंतु १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें शंभर वर्षांचें अगर त्याहून जुनें नाणें ही पुरावस्तु ठरते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. तेव्हां पुण्या-साताऱ्याच्या संग्राहकानें आपली शिवराई अगर अंकुशी रुपया अंकासाठीं अमेरिकेस धाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. शिवाय, ज्या सराफानें रुपया खरा म्हणून त्यावर आपल्या ठशाची खूण उठविली, ती खूण परदेशी परीक्षकाच्या दृष्टीनें नाण्याला झालेली इजा होय. इतिहासाचा अभ्यासक मात्र तीच खूण पाहून तो रुपया कोणाकोणाच्या हातांतून गेला असेल याचा विचार करतो. एकाच खुणेचें हें द्विविध मोल कोणत्याहि अंकांत मावत नाहीं.

यावरून प्रतवारी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. तिनें अजाणाला आधार दिला, दूरच्याला जवळ आणलें आणि शब्दांच्या धूर्त खेळाला आळा घातला. परंतु अंक हा जाणत्या माणसांनीं विशिष्ट दिवशीं, विशिष्ट प्रकाशांत बनविलेला अभिप्राय आहे, एवढें ध्यानांत ठेवून त्याचा उपयोग केला पाहिजे. अमेरिकेंतील अनुभवी संग्राहक नवशिक्याला एकच उपदेश करतात : डबी विकत घेऊं नको, नाणें विकत घे. त्यासाठीं पुष्कळ नाणीं पाहावीं, एकाच प्रकारचीं चांगलीं-वाईट शेजारीं ठेवून पाहावीं, दिव्याखालीं फिरवून झळाळी ओळखावी, स्वतःचा अंक आधीं मनाशीं ठरवावा आणि मगच चिठ्ठी वाचावी. ज्याला इतका अभ्यास झाला, त्याला प्रतवारीचा उपयोग जाणत्या स्नेह्याच्या सल्ल्यासारखा होतो. ज्यानें तो केला नाहीं, त्याच्या संग्रहांत नाणीं असतात, पण तो त्यांचा मालक असून पारखी मात्र दुसराच असतो.